वाढत्या अंगाची गाडी



माझ्या नातीला शर्यतीची मोटारसायकल घेतली, ही बातमी मी सांगायच्या आधीच मंडळात पोहोचली होती. "अहो, मुलीला? आणि तेवढ्या पैशात सोनं नसतं का आलं?" असं तिघींनी विचारलं. चौथीने मात्र बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोणती घेतलीत? आमचा नातूही मागे लागलाय." हा लेख त्या चौथीसाठी.

मातीच्या, उड्या-वळणांच्या ट्रॅकवरच्या या शर्यतीला मोटोक्रॉस म्हणतात. गाडीला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबरप्लेट नाही. ती रस्त्यावर आणताच येत नाही. आमची नात अकरा वर्षांची, उंची साडेचार फूट, वजन बत्तीस किलो. दोन वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर शिकली, तेव्हा हौस दोन दिवसांची नाही एवढं कळलं होतं.

आमच्या चिरंजीवांचं म्हणणं होतं, "आई, घ्यायचीच तर कावासाकीची केएक्स ११२ घेऊ. पुढची चार वर्षं बघायला नको." हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. शाळेचा गणवेश आपण असाच घेतो ना? वाढत्या अंगाचा, एक माप मोठा, खाली दुमड घालून. फ्रॉक ढगळ झाला तर पोर फार तर वाईट दिसते. गाडी मोठी झाली तर पडते. त्या गाडीची सीट ८७ सेंटीमीटर उंच आणि वजन ७७ किलो, म्हणजे पोरीच्या दुपटीहून जास्त. तेवढ्याच अंगाची एक गाडी तिने सरावात मागून घेतली होती. वळणावर बंद पडली, पाय टेकेना, गाडी कलली आणि मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. वेग नव्हता, उडी नव्हती, नुसती उभी राहताना पडली! त्यानंतर घरात वाद राहिला नाही. ६५ सीसीच्या गाडीची सीट ७६ सेंटीमीटरची आणि वजन साठ किलो. तिच्यावर बसून दोन्ही चवडे जमिनीला लागतात आणि आडवी पडलेली गाडी ती स्वतः उचलते. माझ्या मते निवडीची परीक्षा एवढीच. दोन वर्षांत गाडी लहान होईल, तेव्हा विकू. लहान पोरांच्या सायकली नाही का आपण फिरवत?

आता पैसे. या गाड्या भारतात आल्या तेव्हा केएक्स ६५ तीन लाखांच्या वर, केटीएमची ६५ एसएक्स साडेपाच लाखांच्या आसपास. नोंदणी नाही, म्हणजे आरसी बुक नाही. मग गाडीवर बोजा चढवून मिळणारं नेहमीचं कर्ज कुठून मिळणार? चिरंजीव पर्सनल लोन काढायला निघाले होते. मी आडवी पडले. व्याज जास्त, हे तर आहेच. पण हप्ता चालू असला की पोरीला "आता नको" म्हणायची सोय राहत नाही. "एवढे पैसे घातलेत तुझ्यावर," असं ट्रॅकच्या कडेला उभं राहून लेकराला ओरडणारे बाप मी डोळ्यांनी पाहिलेत. ते पोर मग हौसेने चालवत नाही, भीतीने चालवतं, आणि भीतीने चालवणारं पोर आधी पडतं.

म्हणून माझ्या नावाची एक ठेव मोडली आणि आकडा आधी कागदावर लिहिला: ३,६०,०००, पहिल्या वर्षाचं सगळं धरून. परिग्रहाचं परिमाण दुकानात जाण्याआधी ठरवायचं असतं, तिथे गेल्यावर नाही. जुनी गाडी १,९०,००० ला मिळाली. हेल्मेट, गॉगल, छातीचं कवच, गुडघ्याचे गार्ड, बूट मिळून ५०,०००. हेल्मेट मात्र कधी जुनं घेऊ नका. आत तडा गेलेला बाहेरून दिसत नाही. बुटांना पोटरीच्या आतून चामड्याची पट्टी असू शकते, विचारून घ्या. आम्हाला सिंथेटिकचे मिळाले, चार दुकानं फिरून.

वर्षाचा चालू खर्च १,१५,०००: छोट्या हत्तीतून ने-आण, टायर, चेन, तेल, पिस्टन, प्रवेश फी. गाडी टू-स्ट्रोक, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळायचं. आमच्या ह्यांना जुनी येझदी आठवली, तेव्हापासून ते काम त्यांनी कुणाला हात लावू दिलेला नाही. या गाड्यांचा हिशोब किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. बी.कॉम.ला 'मशीन अवर रेट' घोकला होता, तो चाळीस वर्षांनी उपयोगी आला! वर्षाला घसारा ४५,००० धरला, त्यात चालू खर्च मिळवला, ऐंशी तासांनी भागलं: तासाला दोन हजार. हा आकडा मी नातीलाही सांगितला. ओझं म्हणून नाही. तिला भागाकार येतो म्हणून.

जुनी गाडी बघताना मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको. पिस्टन बदलून किती तास झाले ते विचारा. एअर फिल्टर काढून आतल्या नळीत बोट फिरवा. माती लागली तर इंजिनाने माती खाल्लीय. मूळ बिल आणि विक्रीचा कागद घ्या, फ्रेमवरचा नंबर जुळवून पाहा. आरसी नसताना मालकीचा पुरावा तेवढाच.

माझ्या दोन अटी होत्या. चातुर्मासात सराव बंद. ओल्या मातीत जीव किती, हे सांगायला नको. कोरड्या मातीतही असतात, ते मला ठाऊक आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसरी, सूर्यास्ताआधी डबा संपवायचा, शर्यत असो वा नसो.

सोन्याचं विचारणाऱ्या तिघींना एकच विचारते: नातू असता तर विचारलं असतंत? बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे हिने २०१९ साली बाहा शर्यतींचा महिलांचा विश्वचषक जिंकला. आमची नात तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. गेल्या रविवारी ती सातवी आली, बारा जणांत. घरी येऊन आधी फिल्टर धुतला, मग वहीत लिहिलं: "दीड तास. एकूण अकरा."