कानाला जात असते

नाटकवाले सांगतात, कलेला जात नसते. नसेल. पण कलेच्या दारात टेबल टाकून बसणाऱ्याला असते, आणि त्याच्या कानाला तर हमखास असते. आपल्या पोरापोरींनी हौशी संगीत नाटकाच्या आवाज-चाचणीला जावं की न जावं, आणि गेलं तर कसं जावं, एवढ्यासाठीच हे लिहितोय. गोडगोड बोलायला ही पानं नाहीत.

चाचणीची तऱ्हा ठरलेली. एक पेटी, एक तबला, समोर तीन खुर्च्या. ‘एखादं नाट्यपद म्हणा.’ भीमगीत म्हणू का, असं विचारलं की तिन्ही खुर्च्या एकमेकींकडं बघतात. सोलापुरात एका संस्थेच्या चाचणीला मी उभा राहिलोय. तिचं नाव लिहीत नाही. एकीचं लिहिलं तर बाकीच्या सुटतील. सूर लागला की नाही, हे कुणी बोललंच नाही. ‘पाणी म्हण,’ म्हणाले. म्हटलं. ‘ण नीट म्हण.’ पुन्हा म्हटलं. मग विचारलं, ‘राहायला कुठं?’ बुधवार पेठ, मिलिंद नगर म्हटल्याबरोबर चाचणी संपली. ‘पहारेकऱ्याचं काम आहे, करशील? वाक्य एकच आहे.’

राहायला कुठं, हा कुठल्या रागातला प्रश्न आहे?

आता म्हणतील, संगीत नाटकाला शुद्ध उच्चार लागतात, परंपरा आहे. बरं, परंपराच काढू. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, कानडी मुलखातले. पारशी मंडळींचे गाण्याचे खेळ त्यांच्या डोळ्यांसमोर होते. नाटकात साकी आली, दिंडी आली, जिथून चाल मिळाली तिथून घेतली. म्हणजे मराठी संगीत नाटक जन्मलं तेच भेसळीतून, आणि त्या भेसळीमुळंच ते लोकांना गोड लागलं. शुद्धतेचं सोवळं त्याला नंतर नेसवलं.

आणखी मागं जाऊ. कालिदासाच्या मूळ ‘शाकुंतला’त राजा संस्कृत बोलतो. शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृत बोलतात. अंगठी सापडलेला कोळी मागधी बोलतो. शिपाई त्याला चोर ठरवून धरून आणतात आणि त्याच्या धंद्याच्या ‘शुद्धते’वरून त्याची टर उडवतात. कोणाच्या तोंडी कोणती भाषा, हे भरताच्या नाट्यशास्त्रात पात्राच्या पायरीप्रमाणं लावून दिलंय. ‘ण नीट म्हण’ हा हुकूम आजचा नाही, लेकांनो!

त्याच नाट्यशास्त्राची दुसरी गंमत ऐका. शूद्रांनी वेद ऐकायचे नाहीत, म्हणून सगळ्या वर्णांसाठी ब्रह्मदेवानं नाट्याचा पाचवा वेद केला, अशी कथा पहिल्या अध्यायात आहे. आणि शेवटाकडं भरताच्या पोरांनी ऋषींची नक्कल केली म्हणून ऋषींनी त्यांना शाप दिला: तुम्ही शूद्र व्हाल. म्हणजे यांच्याच पोथीप्रमाणं नट हा शूद्र. मग शूद्राच्या धंद्याला राखणदार कोण बसलेत, आणि कुणाला दारातून परत पाठवतात?

उलटी वाट कशी मोकळी होती तेही बघा. राम जोशी आपल्या सोलापूरचे. पेशवाईच्या शेवटच्या काळातले. ब्राह्मणाच्या घरातला माणूस तमाशात आला, लावण्या रचल्या, कवनं केली. पुढं श्रीधर कुलकर्णी तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडाचं तेज होती ती पवळा, महाराची लेक. या दोघांना ढोलकीवाल्यानं विचारलं होतं का, ‘राहायला कुठं? आधी दोन शिव्या नीट देऊन दाखव?’ तमाशाच्या बोर्डावर जो आला तो आमचा झाला. आमच्या दाराला कडी नव्हती. त्यांच्या दाराला आहे, आणि ती आतून लावलेली आहे.

सरकारी दाराकडंही बघू. महाराष्ट्राची राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे. तिच्यात हौशी मराठी नाटक आहे, संगीत नाटक आहे, बालनाट्य आहे, हिंदी आहे, संस्कृतसुद्धा आहे. संस्कृतात भांडण करणारा एक माणूस मला सोलापुरातल्या कुठल्याही चौकात दाखवा! इथं मराठी, कानडी, तेलुगू, दखनी ऐकू येते. एका विडी कारखान्याच्या दारात उभं राहिलं तरी तीन भाषा कानावर पडतात. पण संस्कृत नाटकाला स्वतंत्र स्पर्धा आणि जलशाला त्या यादीत जागा नाही. स्पर्धा कुणाच्या पैशावर चालते? तुमच्या-माझ्या.

आणि जिथं आपल्या गावची नाटकं होतात त्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या पाटीवरचा ‘हुतात्मा’ शब्द कोण? मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले. चौघांची नावं मोठ्यानं म्हणून बघा. एका ओळीत चार भाषांचे उच्चार येतील. फास लावताना कुणी त्यांचा ‘ण’ तपासला नव्हता.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, त्यांच्या दारात जायचंच कशाला? आपला जलसा आपण करू. मला हे अर्धं पटतं. जलसा केलाच पाहिजे. 2012 साली राजकुमार तांगडे, नंदू माधव आणि संभाजी भगत यांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ उभं केलं तेव्हा जालन्याकडची खेड्यातली पोरं मंचावर होती. गात होती, नाचत होती, पोवाड्याच्या दमात बोलत होती. मराठी नाटकाला ते ऐकावंच लागलं. पण म्हणून सार्वजनिक पैशाचं नाट्यगृह, सार्वजनिक पैशाची स्पर्धा त्यांच्या नावावर सोडून द्यायची? तळ्याचं पाणी आपल्या घरी नव्हतं म्हणून बाबासाहेब महाडला गेले नव्हते. तळं सार्वजनिक होतं म्हणून गेले.

कान बदलला की काय होतं, त्याला पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. त्यानं ‘फँड्री’साठी केम गावचा सोमनाथ अवघडे निवडला, हलगी वाजवणारा पोरगा. त्या कामाला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’साठी अकलूजची रिंकू राजगुरू निवडली, आणि 2016 साली राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा खास उल्लेख झाला. तिच्या तोंडची बोली कुणी धुऊन काढली नाही. तीच बोली ऐकायला अख्खा महाराष्ट्र तिकीट काढून बसला. गळे याच मातीतले होते, ऐकणारा कान तेवढा वेगळा होता. पडद्यावर हे होतं, मग रंगमंचावर का होत नाही?

आता थोडं घरातलं. कडू लागेल, लागू द्या. भीमराव कर्डकांनी 1930 च्या दशकात नाशिककडं आंबेडकरी जलसा उभा केला. गणातला गणपती गेला, गवळणीतली छेडछाड गेली, ढोलकी तीच राहिली आणि विचार बदलला. मोठं काम झालं. पण त्या जलशांत बाईचं काम पुरुषच करी. तमाशाची बदनामी धुताना बाईलाच मंचावरून खाली उतरवलं गेलं. ती त्या काळाची गरज होती म्हणता? ठीक. आज कुठल्या काळाची गरज आहे? जयंतीच्या गाण्याला पोरगी चालते, पण पथकाचा म्होरक्या कोण? हलगी मातंग पोरानं बडवायची आणि माइक दुसऱ्यानं धरायचा, हे किती पथकांत चालतं? कैकाड्याचा, वडाराचा पोरगा आला तर ‘हा आपला आहे का?’ असं कुजबुजणारी तोंडं आपल्यातच आहेत. ‘राहायला कुठं?’ याचाच हा सख्खा भाऊ. मराठवाड्यात एकतारीवर दारोदार गाऊन पोट भरणाऱ्या कडूबाई खरात आज घराघरात ऐकल्या जातात. कुठल्या निवड समितीनं त्यांना शोधलं? त्यांच्यानीही नाही, आपल्यानीही नाही. लोकांनी शोधलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. चाचणीला जा, पण जीभ घासून जाऊ नका. चार मागण्या घेऊन जा. एक: गळा, ताल, अभिनय यांना किती किती गुण, ते आधी कागदावर लावा. दोन: गाणं उमेदवार निवडील, पोवाडा, भीमगीत, भारूड, काहीही. तीन: टेबलामागं एक माणूस ढोलकी-हलगी जाणणारा बसवा. चार: तालमीची वेळ कामकऱ्याला जमेल अशी ठेवा. कुंभारीच्या विडी वसाहतीतली पोरगी दुपारी चार वाजता हातातल्या विड्या टाकून येणार नाही. तिचा गळा तुम्ही नापास केला नाही म्हणाल, पण तुमच्या घड्याळानं केला.

आणि ह्याच चार अटी आपल्या पथकाच्या दारावरही लावा. आधी तिथं लावा. नाहीतर त्यांना विचारायचं तोंड आपल्याला राहणार नाही.

पुढच्या चाचणीला जाताना हलगी शेकून, काखेत मारून जा. ‘हे बाहेर ठेवा’ म्हणाले तर विचारा, कुठल्या नियमानं? नियम दाखवला तर तो वाचा, लोकांना वाचून दाखवा. नियम नसला तर तिथंच वाजवायला लागा.

जय भीम.