दोषाचा पत्ता

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निघणाऱ्या रेल्वेच्या रुळांवर काही अक्षरे आणि आकडे उमटवलेले असतात. रूळ कोणत्या कारखान्यात व कोणत्या वर्षी तयार झाला, हे त्यांवरून कळते. त्याखेरीज रुळावर आणखी एक क्रमांक असतो, तो 'हीट'चा. भट्टीतून एका वेळी जेवढे पोलाद निघते, त्याला कारखान्याच्या भाषेत 'हीट' म्हणतात. उद्या शेकडो मैलांवर एखाद्या रुळाला तडा गेला, तर हा क्रमांक पाहून त्याच पोलादाच्या इतर रुळांचा माग काढता येतो. त्यासाठी देशभरचे रूळ उखडावे लागत नाहीत. आणि 'एवढ्याने काय होते' असे म्हणून हात झटकण्याचीही सोय उरत नाही.

कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर १० मध्ये राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची हयात या शिस्तीच्या सावलीत गेली आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येऊन वसली. मराठी माणसेही आली. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे हा मुलूख त्यांना अगदीच परका नव्हता. ज्यांनी आयुष्यभर नोंदवही, मोजमाप आणि तपासणी यांवर विश्वास ठेवला, अशा माणसांचे हे गाव आहे.

पण अशा गावातही भ्रमणध्वनीचा विषय निघाला, की बोलण्यातून क्रमांक नाहीसा होतो. 'अमुक कंपनीचे फोन फुटतात म्हणे', 'तमुक फोन रात्री चार्जिंगला लावला की पेट घेतो म्हणे', 'नव्या अपडेटनंतर आपले सगळे बोलणे कोणीतरी ऐकते म्हणे'. कोणता फोन, केव्हा बनलेला, कोणी तपासला, यांपैकी काहीच सांगितले जात नाही. उरतो तो केवळ 'म्हणे'. वस्तूतील खरा दोष आणि तिच्याविषयी उठलेली वावडी यांना वेगळे करणारी खूण हीच आहे. दोषाला पत्ता असतो; अफवेला तो नसतो.

२००७ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात पाकिस्तानात अशी आवई उठली, की काही विशिष्ट क्रमांकांवरून येणारा फोन जो घेईल तो मरेल. घाबरलेल्या लोकांची समजूत काढण्यासाठी दूरसंचार कंपन्यांना आणि सरकारी प्राधिकरणाला खुलासा करावा लागला. ध्वनीच्या लहरींवर स्वार होऊन मृत्यू येतो, ही कल्पना आज वाचताना हसू येते. परंतु ज्याच्या हातात नुकताच पहिला मोबाईल आला होता आणि तो कसा चालतो हे ज्याला कोणी सांगितले नव्हते, त्याला ती हसण्यावारी नेता आली नसेल.

त्याच वर्षी ऑगस्टच्या १४ तारखेला नोकिया कंपनीने स्वतः होऊन एक सूचना प्रसिद्ध केली. कंपनीची 'बीएल-५सी' नावाची बॅटरी तेव्हा नोकिया ११०० सारख्या घरोघरी पोचलेल्या फोनमध्ये असे. या बॅटऱ्या अनेक पुरवठादार बनवीत. त्यांपैकी जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांत चार्जिंगच्या वेळी शॉर्टसर्किट होऊन त्या फाजील तापण्याची शक्यता होती. तोवर साऱ्या जगात अशा सुमारे १०० घटना नोंदल्या गेल्या होत्या. म्हणजे साडेचार लाखांहून अधिक बॅटऱ्यांमागे एक. कोणाला गंभीर इजा झाल्याची नोंद नव्हती. बॅटरीच्या पाठीवर २६ अक्षरांचा ओळखक्रमांक छापलेला होता. तो तपासावा आणि बॅटरी त्या खेपेतील निघाल्यास विनामूल्य बदलून घ्यावी, एवढेच कंपनीचे म्हणणे होते.

येथे दोषाचा पत्ता पूर्ण होता : बनवणारा, काळ, संख्या आणि क्रमांक. तरीही तोंडोतोंडी होता होता 'तापते' या शब्दाची जागा 'फुटते' या शब्दाने घेतली. भारतात नोकिया हा त्या काळी सर्वाधिक खपाचा फोन होता. सेवा केंद्रांसमोर लोकांची झुंबड उडाली आणि ज्यांच्या बॅटऱ्यांचा त्या खेपेशी काही संबंध नव्हता, तेही धास्तावले. याचा खरा तोटा ज्याच्याजवळ सदोष बॅटरी होती त्यालाच होतो. निर्धास्त असावे अशांच्या गर्दीत तो रांगेत मागे पडतो. किंवा चार दिवसांनी गलका ओसरला, की 'ती सगळी अफवाच होती' असे समजून घरीच बसतो. अफवेचे हे दुसरे रूप फारसे कोणी ध्यानात घेत नाही. ती खोटी भीती पसरवते एवढेच नव्हे, तर ओसरताना खरी भीतीही आपल्याबरोबर वाहून नेते.

सॅमसंगच्या 'गॅलेक्सी नोट ७' या फोनच्या बाबतीत मात्र भीती खरी ठरली, आणि तीही दोनदा. ऑगस्ट २०१६ मध्ये हा फोन बाजारात आला, फोन पेटल्याच्या तक्रारी आल्या आणि २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत बोलावले. दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटऱ्या घालून दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये या फोनचे उत्पादनच थांबवण्यात आले. भारतात त्याची विक्री सुरूच झाली नव्हती. तरी विमानात हा फोन चालू करू नये, असे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बजावले होते. पुढे २३ जानेवारी २०१७ रोजी कंपनीने तपासाचा निष्कर्ष जाहीर केला. त्यासाठी दोन लाखांवर फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्या गेल्या होत्या. एका पुरवठादाराच्या बॅटरीत वरचा कोपरा दबून आतील पत्रा वाकत होता. दुसऱ्याच्या बॅटरीत जोडकामाच्या ठिकाणी राहिलेली धारदार टोके मधला पडदा भेदून जात होती.

हा मधला पडदा म्हणजे बॅटरीचा प्राण होय. लिथियमच्या बॅटरीत धन आणि ऋण अशा दोन बाजूंचे पातळ थर एकमेकांवर गुंडाळलेले असतात आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ पडदा असतो. तो फाटला, की दोन्ही थर एकमेकांना भिडतात आणि उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वेग घेते, त्या क्रियेतून आणखी उष्णता निर्माण होते, आणि हे चक्र बाहेरून थांबवणे कठीण असते. हे ज्याला एकदा समजले, त्याला फुगलेल्या बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये हे निराळे सांगावे लागत नाही. आत वायू साठल्याशिवाय बॅटरी फुगत नाही. फोनचे मागचे झाकण वर उचलले गेले, तर तो फोन चार्जिंगला न लावता दुरुस्तीला द्यावा. फुगीर भाग दाबून बसवू नये आणि टोचून तर मुळीच पाहू नये.

मोठ्या कंपन्यांच्या नावाने वावड्या पुष्कळ उठतात. पण चर्चेत क्वचित येणारा धोका बाजाराच्या कडेला विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या बॅटरीत आणि चार्जरमध्ये असतो. जुना फोन घ्यायचा, त्यात स्वस्तातली बॅटरी घालायची आणि तो उशाशी चार्जिंगला लावून झोपायचे, हा क्रम अनेक घरांत नित्याचा आहे. तो गरिबीतून येतो. त्याची चेष्टा करणे योग्य नाही. मात्र आपल्याकडे फोन, बॅटरी आणि चार्जर यांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे, आणि 'आर' या अक्षरापुढे आठ आकडे असलेला नोंदणी क्रमांक त्या वस्तूवर छापलेला असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो पडताळता येतो. रुळावरच्या हीट क्रमांकाचाच हा धाकटा भाऊ.

सुरक्षेसाठी केलेल्या सोयींचेही असेच आहे. त्या येतात तेव्हा त्यांच्याआधी त्यांच्याविषयीच्या कंड्या येऊन पोचतात. प्रत्येक फोनला 'आयएमईआय' नावाचा पंधरा आकडी क्रमांक असतो. २००९ मध्ये ज्या फोनांना असा खरा क्रमांक नाही, त्यांची सेवा १ डिसेंबरपासून बंद करण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा स्वस्त चिनी फोन बाळगणाऱ्या असंख्य लोकांच्या पोटात गोळा आला. ती अफवा नव्हती, तो निर्णयच होता. आणि त्यामागे कारण होते. क्रमांक नसलेला फोन चोरीला गेला तर त्याचा माग कशावरून काढणार? पुढे २०२० मध्ये मेरठ पोलिसांना तपासात असे आढळले, की एकच आयएमईआय क्रमांक १३ हजारांहून अधिक फोनांवर आहे. एकाच हीटचा शिक्का हजारो रुळांवर मारावा, तसला हा प्रकार होता. जुना फोन विकत घेणाऱ्याने म्हणून स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबून दिसणारा क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. इंग्रजी 'केवायएम' ही अक्षरे आणि तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला, तर फोनची माहितीही मिळते.

२०२३ च्या २० जुलैला सकाळी देशात लाखो फोन एकाएकी कर्कश आवाज करू लागले आणि पडद्यावर आपत्तीचा इशारा झळकला. दूरसंचार विभागाने घेतलेली ती चाचणी होती आणि संदेशात तसे स्पष्ट लिहिलेही होते. पण आधी आवाज येतो, वाचणे नंतर होते. आपला फोन कोणी ताब्यात घेतला, अशी शंका अनेकांच्या मनात आली. वस्तुतः या व्यवस्थेत मनोऱ्यावरून त्या परिसरातील सर्व फोनांना एकाच वेळी संदेश सोडला जातो, गावात दवंडी पिटावी तसा. दवंडी पिटणाऱ्याला ऐकणाऱ्याचे नावही माहीत नसते आणि क्रमांकही. पुढील महिन्यांत अशा चाचण्या आणखी झाल्या.

भिलाईसारख्या ठिकाणी ही दवंडी बिनमहत्त्वाची नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात वायुगळती होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी वायुवाहिनीला आग लागून आणखी कामगार दगावले. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. नाकाला जे कळत नाही, ते कोणीतरी सांगावेच लागते. कर्कश आवाजाचा त्रास होतो म्हणून किंवा 'त्यातून फोन हॅक होतो' असे कोणी सांगितले म्हणून सेक्टर १० मधील एखाद्याने ही सोय बंद करून ठेवली, तर वायुगळतीच्या किंवा आभाळातून वीज कोसळण्याच्या प्रसंगी त्याच्या घरात इशारा पोचणार नाही. त्या 'म्हणे'ची किंमत हॅक झालेल्या फोनपेक्षा खूपच जास्त असू शकते.

मात्र अफवांचा सारा दोष ऐकणाऱ्यांच्या माथी मारणे हा सोपा आणि थोडासा अप्रामाणिक मार्ग आहे. कंपन्यांच्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात, तांत्रिक शब्दांनी भरलेल्या असतात आणि ज्याने जुना फोन विकत घेतला त्याच्यापर्यंत त्या पोचतच नाहीत. सरकारी आदेशही पुष्कळदा आधी बातमीतून कळतात आणि खुलासा मागाहून येतो. जेथे माहितीची वाट पाहावी लागते, तेथे ती जागा कंडी पिकवणारा भरून काढतो.

आणि शंका घेणारा प्रत्येक जण कंडी पिकवणारा नसतो. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने फोन बनवणाऱ्या कंपन्यांना आदेश दिला, की भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांत 'संचार साथी' हे ॲप आधीपासूनच घातलेले असावे. हरवलेला फोन बंद करणे, आपल्या नावावर किती जोडण्या आहेत हे पाहणे, आयएमईआय पडताळणे अशी या ॲपची कामे उपयोगाची आहेत. पण त्याच आदेशात ॲपची कार्ये बंद किंवा मर्यादित करता येऊ नयेत, असेही म्हटले होते. नागरिकाच्या खासगी आयुष्यात हे ॲप किती डोकावणार, असा प्रश्न अनेकांनी विचारला. नको असेल तर ॲप काढून टाकता येईल, असे संबंधित मंत्र्यांनी सांगितले; आदेशातील शब्द मात्र तसे वाचता येत नव्हते. ही शंका 'म्हणे'वर उभी नव्हती. तिला तारीख होती, कागद होता आणि त्या कागदावरचे नेमके वाक्य होते. तिला अफवा म्हणून उडवून लावता आले नाही, ते यामुळेच. ३ डिसेंबरला सरकारने ही सक्ती मागे घेतली, आणि ॲप घ्यावे की न घ्यावे हे पूर्वीप्रमाणे फोन वापरणाऱ्याच्या मर्जीवर राहिले.