आधी भरा, मग बघू

२०२० च्या दिवाळीत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत फराळाइतकीच एका बातमीची वाट पाहिली जात होती. टाळेबंदीतल्या वाढीव वीजबिलांत सवलत मिळणार, दिवाळीच्या सुमारास काहीतरी गोड कानावर येणार, असे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांच्या बोलण्यातून वाटत होते. सोमवारी भाऊबीज झाली आणि मंगळवारी, १७ नोव्हेंबरला, मंत्र्यांनीच सांगून टाकले की सवलत नाही, वापरलेल्या विजेचे पैसे भरावेच लागतील. मग नेहमीप्रमाणे आंदोलने झाली, बिलांच्या होळ्या झाल्या. त्यानंतर बहुतेकांनी मुकाट्याने हप्ते पाडून घेतले.

ते प्रकरण आता जुने झाले. दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर ते पुन्हा उकरून काढायचे कारण इतकेच, की तेव्हा सगळ्या राज्यात एकदम जे झाले ते एरवी कुठल्या ना कुठल्या घरात दर महिन्याला होतच असते. फरक एवढाच की एकट्या घराच्या वाट्याला मथळे येत नाहीत.

काय झाले होते, ते नीट पाहण्यासारखे आहे. मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि मीटरचे रिडिंग घ्यायला येणारी माणसे यायची थांबली. एप्रिल-मेची बिले मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने निघाली. मागचे तीन महिने म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. पंखेसुद्धा बंद असतात असे दिवस. इकडे एप्रिल-मेच्या काहिलीत सगळे कुटुंब चोवीस तास घरात. मुलांचे वर्ग मोबाइलवर, वडिलांचे ऑफिस लॅपटॉपवर, पंखे आणि एसी अखंड चालू. जूनमध्ये रिडिंग झाले तेव्हा तीन महिन्यांचा राहिलेला हिशेब एका कागदावर उतरला. अभिनेत्री रेणुका शहाणे यांनी आपले आकडे जाहीरपणे मांडले होते: मे महिन्यात ५,५१० रुपये, जूनमध्ये २९,७००. तापसी पन्नू यांना ३६ हजारांचे बिल आले. शिवाय कोणी राहत नसलेल्या त्यांच्या दुसऱ्या घराचेही बिल भरभक्कम आले. दोघी मुंबईतल्या. त्यांना कंपनीचे उत्तर लगोलग ट्विटरवर मिळाले. रिडिंग बरोबर असल्याचेही पन्नू यांना कळवण्यात आले. डोंबिवलीच्या किंवा जालन्याच्या ग्राहकाला तेच उत्तर खिडकीपाशी रांगेत उभे राहून, तेही अर्धेच, ऐकावे लागले.

आणि गंमत अशी की उत्तर बहुतांशी खरेच होते. वीज वापरली गेली होती. मीटर पळाला, कंपनीने लुटले, अशी आरडाओरड तेव्हा झाली. पण बरीचशी बिले तपासणीत टिकली. १ एप्रिलपासून नवे दरही लागू झाले होते. तरीही लोकांचा संताप खोटा ठरत नाही, कारण बिलातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणी समजावून सांगितलीच नव्हती. ती म्हणजे स्लॅब, वापर वाढेल तसा चढत जाणारा दर.

महावितरणच्या त्या वर्षीच्या घरगुती दरांत पहिल्या शंभर युनिटना ३ रुपये ४६ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटना ७ रुपये ४३ पैसे असा वीज आकार होता. वहन आकार, स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, हे वेगळे. आता महिन्याला ९५ युनिट वापरणारे दोन खोल्यांचे घर धरा. दरमहा रिडिंग झाले, तर तीन महिन्यांचा वीज आकार होतो सुमारे ९८६ रुपये. तेच २८५ युनिट एका महिन्याच्या नावावर पडले, तर १,७२० रुपये. घरात एकही दिवा जास्त जळलेला नाही, पण सव्वासातशेहून अधिक रुपये वाढले. रिडिंग चुकण्याची किंमत ग्राहक मोजतो ती अशी.

महावितरणने जूनच्या बिलात युनिट महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदा दिला, हे इथे नोंदवले पाहिजे. बिल पडताळायला संकेतस्थळावर दुवा दिला, वेबिनार घेतले, ग्राहक मेळावे घेतले, एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट दिली. स्लॅबचा फायदा सोडला, तर बाकीचे झाले ते ओरड झाल्यावर. बिल हातात पडले तेव्हा त्यावर बेरीज होती, हिशेब नव्हता. किराणा दुकानदाराने यादी न देता नुसता एकूण आकडा सांगितला, तर आपण पिशवी तिथेच ठेवून निघून येऊ. विजेच्या बाबतीत ती सोय नाही. दुकान एकच आहे.

संकटाच्या वर्षाला नियम मानू नये, हे खरे. पण एरवी काय होते? घर बंद होते, मीटर आत होता, जिन्यात कुत्रा होता, किंवा माणूस आलाच नाही, यांपैकी काहीही झाले की बिल सरासरीवर जाते. रिडिंगचे काम खासगी एजन्सींकडे आहे. मीटरचा फोटो बिलावर छापायचा ही पद्धत चांगली. मात्र कित्येक बिलांवरच्या फोटोत आकडा सोडून बाकी सगळे दिसते. सदोष रिडिंगबद्दल २०२२ साली महावितरणने अनेक एजन्सी बडतर्फ केल्या, काही काळ्या यादीत टाकल्या. म्हणजे तक्रार करणारे सगळेच कांगावाखोर नव्हते, हे कंपनीच्याच कारवाईने सिद्ध झाले.

दुसरा गोंधळ उन्हाळ्यातला. एप्रिल-मे महिन्यांत नेहमीच्या बिलाबरोबर आणखी एक कागद येतो आणि घरातली ज्येष्ठ मंडळी हबकतात. ते दुसरे बिल नसते. ती अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी असते. पूर्वी ही ठेव एका महिन्याच्या सरासरी बिलाइतकी होती. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनंतर ती दोन महिन्यांची झाली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात राज्यभर ओरड उठली. ठेव ग्राहकाचीच असते, तिच्यावर व्याज मिळते, ती हप्त्यांनी भरता येते. कागदावर हे सगळे आहे. खिडकीवरचा माणूस सांगतो फक्त रक्कम.

त्या खिडकीवरच्या एका वाक्याबद्दल हे संपादकीय आहे. नागपूर असो, नाशिक असो, नाहीतर सावंतवाडी, वाढीव बिल घेऊन गेलेल्या माणसाला ते हमखास ऐकू येते: आधी बिल भरा, मग बघू. सांगणारा कारकून दुष्ट नसतो. वसुलीचे लक्ष्य त्याच्या साहेबाच्या डोक्यावर असते, साहेबाच्या साहेबाच्या डोक्यावर असते. शाखा कार्यालयातून उपविभागात, उपविभागातून विभागात, तिथून मंडळ कार्यालयात अर्ज फिरतो आणि तेवढ्यात पुढचे बिल थकबाकीसह येते. ग्राहक घाबरून पैसे भरतो. पैसे भरले की अर्जाची निकड संपते. कंपनीची तर संपतेच, पुष्कळदा ग्राहकाचीही.

पण ते वाक्य कायद्याला धरून आहे का? विद्युत अधिनियम, २००३ मधले कलम ५६ हे वीज तोडण्याचे कलम म्हणून ओळखले जाते. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. त्याच पोटकलमाला जोडलेले एक परंतुक मात्र जवळजवळ कोणालाच माहीत नाही. बिल मान्य नसेल, तर ग्राहकाने निषेध नोंदवून एक तर मागितलेली रक्कम भरावी किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम भरावी. दोन्हींपैकी जी कमी असेल ती. तेवढे भरले की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. महिन्याला बाराशे रुपये भरणाऱ्या घराला एकदम अठरा हजारांचे बिल आले, तर त्याने अठरा हजार उभे करायची गरज नाही. बाराशेच्या आसपास भरावेत, सोबत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. वीस वर्षांहून जास्त काळ हा कायदा अमलात आहे. पण खिडकीवर हे आपण होऊन कोण सांगतो?

हीच गोष्ट मीटरची. मीटर सदोष असल्याचा संशय असेल, तर तो तपासून मागता येतो. कर्मचारी अ‍ॅक्युचेक यंत्र लावून जागेवर पाहू शकतात, प्रयोगशाळेत पाठवू शकतात. मीटर सदोष निघाला तर मागचे बिल किती काळ दुरुस्त करायचे यालाही मर्यादा आहे. बंद पडलेल्या मीटरबद्दल जास्तीत जास्त तीन महिन्यांची आकारणी, तीही आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने, असा आपल्या वीज पुरवठा संहितेचा जुना नियम. अर्ज करण्यापूर्वी घरातच एक साधी गोष्ट करून पाहावी. मेन स्विच पाडून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का ते बघावे. लुकलुकत असेल, तर मीटरच सदोष असेल, वीज मीटर आणि मेन स्विचच्या मध्ये कुठेतरी झिरपत असेल किंवा कोणी शेजारी तिच्यावर पोसला जात असेल. नसेल, तर गीझर आणि एसीकडे वळावे. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला की महिन्याला तीस युनिट होतात. शंभराच्या उंबऱ्यावरचे घर तेवढ्यानेच वरच्या स्लॅबमध्ये जाते.

कायद्याची एक धार मात्र बोथट झाली आहे. कलम ५६ मध्येच लिहिले आहे की दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम, ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर वसूल करता येत नाही. ग्राहकाला यात मोठा आधार वाटे. फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या वीज कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावला तो असा: बिल दिल्यावरच रक्कम देय होते, आणि कंपनीची चूक नंतर लक्षात आली, तर दोन वर्षे उलटल्यावरही जादा मागणी करता येते, त्यासाठी वीज तोडण्याचा धाक तेवढा घालता येत नाही. लंडन किंवा स्लाऊमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाची स्थिती याहून बरी. तिथल्या ऑफजेम या नियामकाने २०१८ पासून घरगुती ग्राहकांसाठी नियमच केला की कंपनीच्या चुकीने राहिलेले बारा महिन्यांपूर्वीचे बिल मागायचे नाही. चूक ज्याची, भुर्दंड त्याचा, हे आपल्याकडे आणल्याने वीज कंपन्यांचे दिवाळे निघणार नाही.

दाद मागायची व्यवस्था आपल्याकडे आहे, आणि कागदावर ती चांगली आहे. कंपनीने कायद्यानुसार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच स्थापन करायचा असतो. तिथे वकील लागत नाही. तिथे समाधान झाले नाही, तर मुंबई आणि नागपूर येथे विद्युत लोकपाल आहेत. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना, पुण्यात सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर, प्रयास ऊर्जा गट, मुंबई ग्राहक पंचायत अशा मंडळींनी वर्षानुवर्षे हे दरवाजे ठोठावून ते गंजू दिले नाहीत. दरनिश्चितीच्या सुनावण्यांत हीच माणसे शेकडो पानांच्या याचिका वाचून आकडे खोडून काढतात. तरी मंचाकडे पोचणारा घरगुती ग्राहक विरळा. दोन हजारांच्या वादासाठी कामाचे दोन दिवस मोडायला कोणाला परवडते?

आता स्मार्ट मीटर आले आहेत. प्रीपेडला विरोध झाल्यावर २०२४ च्या जूनमध्ये सरकारने सामान्य ग्राहकांपुरते पाऊल मागे घेतले. मग पोस्टपेड स्वरूपात तेच मीटर बसू लागले. घरोघरी माणूस पाठवायची गरज संपणार, सरासरी बिल इतिहासजमा होणार, दिवसा वापरलेल्या विजेला सवलत मिळणार, असे सांगितले जाते. यातले पहिले दोन खरे ठरले तर उत्तमच. पण २०२० चा अनुभव सांगतो की बरोबर रिडिंगचे बिलही माणसाला अन्यायाचे वाटू शकते, जर तो आकडा कसा आला ते सांगायला समोर कोणी नसेल. तासातासाची नोंद कंपनीकडे असणार. मग ती ग्राहकाला त्याच्या भाषेत, त्याच बिलावर का मिळू नये?

एक काम तर उद्याही करता येईल. पुढच्या बिलापासून प्रत्येक कंपनीने कलम ५६ चे ते परंतुक, मंचाचा पत्ता आणि लोकपालांचा पत्ता पहिल्या पानावर, वाचता येईल अशा टायपात, मराठीत छापावा. गो-ग्रीन योजनेतले दहा रुपये वाचवायला कागदी बिल सोडलेल्यांना तोच मजकूर एसएमएसने जावा, ज्या एसएमएसने देयक भरण्याची अंतिम तारीख न चुकता कळते. आयोगाने एका परिपत्रकाने हे सक्तीचे करावे. पुढच्या दरसुनावणीच्या सूचना-हरकतींत ही मागणी लेखी देता येते, आणि त्यासाठी संघटनेचे सभासद असावे लागत नाही.