आधी तपासणी, मग संशय

‘काल संध्याकाळी अंगणात उड्या मारत होतं, सकाळी बघतो तर गार पडलेलं.’ अवसरी खुर्दपासून मंचर, निरगुडसर, पारगावपर्यंत कुठल्याही वस्तीवर कुत्र्यांचा विषय काढा, हे वाक्य कानावर येतंच. त्यामागून येणारी वाक्यंही ठरलेली. कुणी म्हणतं, औषध घातलं असणार. कुणी म्हणतं, दृष्ट लागली. कुणी हात झटकून मोकळं होतं: कुत्र्याचं पिल्लूच ते, दुसरं आणा. बोलणारे तिघं वेगळे, पण शेवट एकच. दुपारच्या आत पिल्लू बांधाच्या कडेला पुरलं जातं आणि ते कशानं मेलं हा प्रश्न तिथेच मिटतो.

हा लेख या तिन्ही मतांच्या विरोधात आहे. पिल्लाचं मरण अनाकलनीय वाटतं ते बहुतेक वेळा कुणी तपासलेलं नसतं म्हणून. आणि ज्याला उत्तर मिळत नाही, त्याचं दुःख लवकर संशयाच्या वाटेला लागतं.

पहिलं मत विषाचं. त्यामागचा तर्क असा: रात्रीत गेलं म्हणजे विषच. हा तर्क मुळातच लंगडा आहे, कारण रात्रीत मारणाऱ्या गोष्टींची यादी लांब आहे. गावातल्या कुत्र्या भाद्रपदात माजावर येतात. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे पिल्लं कार्तिकाच्या आसपास जन्मतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते ती मार्गशीर्ष-पौषात, ऐन थंडीत. नेमक्या त्याच सुमारास घरोघरची पोरं पिल्लं उचलून आणतात. पार्व्होसारख्या विषाणूला याहून सोयीचा मुहूर्त कुठला?

पार्व्हो हा रोग जगाला माहीत झाला १९७८ मध्ये. लागण झाल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. विषाणू आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज यांवर एकदम हल्ला करतो. पिल्लू उलट्या करतं, रक्ताची हगवण लागते, अंगातलं पाणी संपतं. उपचार मिळाले नाहीत तर दहातली नऊ पिल्लं दगावू शकतात. संध्याकाळी जरा मलूल वाटलेलं पिल्लू सकाळी मेलेलं सापडणं यात नवल काहीच नाही. आता दुर्मीळ झालेला याचाच एक प्रकार थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. त्यात हगवणही नसते. खेळणारं पिल्लू धापा टाकतं आणि कोसळतं. बघणाऱ्याला वाटणार, कुणीतरी काहीतरी खाऊ घातलं.

याशिवाय आतड्यातले हुकवर्म आहेत. ते रक्त पिऊन चिमुकल्या पिल्लाला पांढरंफटक करून मारतात. गोचिडांतून येणारे ताप आहेत. पावसाळ्यात रात्री घराभोवती फिरणारी मण्यार आहे. तिच्या दंशाची खूण केसांत शोधून सापडत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना तर स्वतःच्या अंगाची ऊबही टिकवता येत नाही. आई उठून गेली आणि गारठा वाढला, एवढं कारणही पुरतं. बिबट्या मात्र या यादीत नाही. तो नेतो तेव्हा सहसा पिल्लूच उरत नाही, तुटकी दोरी उरते. जुन्नर वनविभागाच्या या ऊसपट्ट्यात ते वेगळं सांगायला नको. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या खाद्याच्या वजनापैकी ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला.

मग विषबाधा होतच नाही का? होते. डिंभ्याच्या कालव्यानं बारमाही झालेल्या शिवारात कांदा, बटाटा, टोमॅटो, ऊस आहे आणि पिकं आली की फवारणीही आली. पण विष पोटात गेलं म्हणजे कुणी मुद्दाम घातलं असं होत नाही. पंप धुतलेलं पाणी, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेली उघडी बाटली, उंदरांसाठी पिठात कालवून ठेवलेल्या गोळ्या यांतलं काहीही पिल्लाच्या तोंडी लागू शकतं, आणि तोंड लावल्याशिवाय ते राहत नाही. फोरेटसारख्या जहाल औषधावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. जुना उरलेला पुडा कुठल्या फडताळात पडला असेल तर त्याला बंदी कळत नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेत लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांची बाहुली बारीक होते. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे. वेळेत डॉक्टर गाठला तर पिल्लू वाचूही शकतं. शेजाऱ्याच्या नावानं बोटं मोडण्यात तोच वेळ जातो.

आणि कुणी खरोखरच मुद्दाम विष घातलं असेल तर? मग तपासणी आणखी गरजेची. जनावराला विष घालून मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दहा ते पन्नास रुपये दंड आजही हसू आणतो, पण संहितेचं कलम हसण्यासारखं नाही. मात्र शवविच्छेदनाचा अहवाल आणि व्हिसेराची रासायनिक तपासणी नसेल तर पोलीस ठाण्यात सांगायला हाती उरतो तो फक्त राग. ज्याला शेजाऱ्यावर आरोप करायचा आहे, त्यानंच पिल्लू घाईनं पुरावं, ही मोठी गंमत आहे.

दुसरं मत दृष्टीचं, करणीचं. त्याला फार जागा देण्याचं कारण नाही. एवढंच सांगायला हवं की महाराष्ट्रात २०१३ पासून लागू असलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्रानं जनावराचं दूध आटवतो, असं जाहीर करणंही गुन्हा ठरवलेलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. एखाद्या एकट्या म्हातारीच्या दारावरून पिल्लू गेलं आणि दुसऱ्या दिवशी मेलं, एवढ्या भांडवलावर वस्तीत काय काय बोललं जातं हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे कलम का लागलं ते समजेल.

तिसरं मत सगळ्यांत सभ्य दिसतं आणि सगळ्यांत जास्त बोचतं: कुत्र्यासाठी एवढं काय रडायचं, ही शहरी थेरं आहेत. इतिहासाला हे मान्य नाही. छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या नावाचा लाडका कुत्रा होता. शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगितलं जातं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवतात. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीचा वाद २०२५ मध्ये पुन्हा पेटला, तो पुराव्यांचा वाद आहे आणि तो इथे उकरण्याची गरज नाही. खंड्यासाठी अठराव्या शतकातला मराठी राजा हळहळला असेल, तर आंबेगाव तालुक्यातल्या दहा वर्षांच्या पोरीनं तीन महिन्यांच्या पिल्लासाठी दोन दिवस जेवू नये, यात नवीन थेर कसलं? ज्या भैरवनाथाच्या यात्रा या भागात गावोगाव भरतात, त्याचं वाहनही कुत्राच.

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची वेगळी नोंद केली, ज्याला भोवतालचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत. भेटायला कुणी येत नाही, सुट्टी मिळत नाही, ‘वाईट झालं’ एवढंही कुणी बोलत नाही. असं दुःख आतल्या आत जास्त काळ राहतं. पिल्लाच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. म्हातारा कुत्रा गेला तर आठवणी सांगता येतात. पिल्लाच्या वाट्याला आलेले असतात चार आठवडे. रडण्याइतका सहवास झालाच नव्हता, असं रडणाऱ्यालाच ऐकवलं जातं.

मुलांशी खोटं बोलणं हा याच मताचा घरगुती अवतार. ‘पिल्लू मामाच्या मळ्यावर सोडून आलो’ असं सांगितलं की मूल मामाकडे जायचा हट्ट धरतं. ‘झोपलंय’ म्हटलं तर ते उठायची वाट बघतं, किंवा स्वतः झोपायला घाबरतं. मेलं, आता परत येणार नाही, आपण त्याला पुरायला जाऊ, असं सरळ सांगितलेलं मुलाला पेलतं. मोठ्यांनाच ते तोंडातून काढणं जड जातं.

आता एक चौथं मत, जे कुणी उघड बोलत नाही. ते स्वतःवरच्या आरोपाचं: माझंच चुकलं. शिकलेल्या घरांत आणि वसतिगृहांत हेच जास्त आढळतं. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. घरापासून लांब राहणारी पोरं जिथे असतात तिथे पिल्लांना डबे मिळतात आणि पिल्लांची नावंही ठेवली जातात. पिल्लू गेलं की मोबाईलवर शोधाशोध होते आणि निकाल लागतो: लस दिली नाही, मारेकरी तूच. हा निकालही तितकाच कच्चा आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं रक्तात असतात तोवर लस नीट लागू पडत नाही. ती इतकी उतरतात की रोगाला अडवू शकत नाहीत, पण लशीला मात्र अडवतात, असे काही दिवस प्रत्येक पिल्लाच्या आयुष्यात येतात. म्हणून तर दीड महिन्याच्या सुमारास सुरू करून सोळा आठवडे पुरे होईपर्यंत दर काही आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. पहिला डोस दिलेलं पिल्लूही पार्व्होनं जाऊ शकतं. दोष नेमका कुणाचा, हे ठरवायलाही तपासणीच लागते.

तेव्हा करायचं काय? पिल्लू मेलं की ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फात ठेवावं. गोठवू नये, त्यानं पेशी खराब होतात. त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा. पुढच्या तपासणीसाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उलटी, हगवण, शेजारी पडलेलं काही खाद्य यांचे फोटो काढून ठेवावेत. ‘कुत्र्याला कुठे फाडायचं’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच गोठ्याकडे बघावं. विमा उतरवलेली गाय मेली तर शवविच्छेदनाचा दाखला मिळवायला हाच माणूस सकाळी सातला डॉक्टरच्या दारात असतो, कारण तिथे पैसे अडकलेले असतात.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. माणसांनाच वेळेवर डॉक्टर मिळत नाही, तिथे पिल्लासाठी कुठे धावणार? त्याचं उत्तर रेबीजमध्ये आहे. अचानक मेलेलं पिल्लू पिसाळलेलंही असू शकतं, आणि पिल्लात हा रोग दरवेळी अंगावर धावून येण्याच्या रूपात दिसत नाही; कधी नुसता लुळेपणा, नुसती लाळ. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात एक तरुण कबड्डीपटू रेबीजनं गेला. नाल्यात पडलेल्या पिल्लाला त्यानं बाहेर काढलं होतं, तेव्हा ते चावलं होतं. जखम किरकोळ म्हणून त्यानं लस घेतली नव्हती. म्हणून पिल्लू कारण न कळता मेलं आणि त्याआधीच्या दिवसांत घरातल्या कुणाला चावलं, ओरखडलं किंवा उघड्या जखमेवर चाटलं असेल, तर अहवालाची वाट बघत बसू नये. जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी; ती तिथे मोफत मिळते. मेलेल्या पिल्लाला उघड्या हातांनी हाताळू नये. पिल्लाची तपासणी ही अशा वेळी घरातल्या पोरांचीच काळजी असते.

तपासणी करूनही कधी कारण सापडत नाही. उशीर झालेला असतो, शव कुजलेलं असतं, नमुना अपुरा पडतो. तेव्हा डॉक्टरनं ‘कळलं नाही’ म्हणावं आणि घरानं ते मान्य करावं. विचारून न कळणं आणि न विचारता ठरवणं यांत फरक आहे. पहिल्यात शेजाऱ्याशी बोलणं बंद होत नाही.

लगेच दुसरं पिल्लू आणू नये, हे मन आणि विज्ञान दोन्ही सांगतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो, कधी वर्षभरही. फिनाईलनं तो मरत नाही, हाताच्या सॅनिटायझरनंही नाही; पातळ केलेलं ब्लीच लागतं. अंथरूण जाळावं, भांडं टाकून द्यावं, फरशी ब्लीचनं धुवावी. ज्या अंगणात एक गेलं तिथे आठवड्याभरात दुसरं आणून ठेवणाऱ्याला तेच दुःख पुन्हा भोगावं लागतं, आणि मग ‘या घराला कुत्रं लाभत नाही’ अशी नवी समजूत जन्माला येते.

कोलकात्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी मोकळ्या फिरणाऱ्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. त्यांचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला: वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांना माणूसच प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कारण होता. हे बदलायचं तर अवसरी खुर्दसारख्या गावांच्या ग्रामसभांनी भाद्रपद उलटला की पशुवैद्यकीय दवाखान्याकडे एक मागणी जरूर करावी: मार्गशीर्षात एक दिवस गावातल्या पिल्लांच्या लसीकरणाचा, आणि त्याच दिवशी जंताचं औषधही.