माझं पोट, सगळ्यांचं मत

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. दहावीनंतर एवढं सलग मराठी पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र मलाच लिहावा लागणार, कारण तो माझ्या पोटाचा आहे. अगदी शब्दशः!

मागच्या दिवाळीत आत्याने माझ्या फराळाच्या ताटाशेजारी एक फाईल ठेवली. वर पुण्याच्या एका डॉक्टरांचं नाव, आत वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची माहिती. "मे महिन्यात परीक्षा संपली की करून टाकू. डिसेंबरपर्यंत निम्मी होशील. मग स्थळं बघायला आपण मोकळे." एवढं बोलून तिने माझ्या ताटातली करंजी उचलली आणि स्वतःच खाल्ली. आई काही बोलली नाही. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

माझी उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. गणित करणाऱ्यांनी करून बघा, बीएमआय ४१.७ येतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलं की ४० च्या वर असेल तर ऑपरेशनचा विचार करावा, किंवा ३५ च्या वर असून सोबत डायबेटिससारखा आजार असेल तर. २०२२ साली या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनांनी ही रेषा ३५ वर आणली आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी त्याहून खाली, २७.५ वर. आरोग्य विम्याच्या अटींमध्ये अजून ४० आणि ३५ हेच आकडे आहेत. थोडक्यात काय, कुठलाही कट-ऑफ लावा, मी मेरिटमध्ये! आयुष्यात पहिल्यांदाच.

गंमत म्हणजे हे सूत्र काढणारा केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हे. त्याच्या सूत्राला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही. खासबाग मैदानात उतरणारे कितीतरी पैलवान या हिशेबाने लठ्ठच ठरतील. पण आपल्या कोल्हापुरात पैलवानाच्या अंगाकडे लोक कौतुकाने बघतात, त्याला दूध-तूप पुरवतात. माझ्याकडे बघून वडगावच्या बाजारात एक आजी म्हणाली, "पोरी, कुठल्या गिरणीचं पीठ खातीस गं?" आजीला माफ आहे. पण हॉस्टेलच्या जिन्यात "लिफ्टचं लोड टेस्टिंग कधी?" असं ओरडणारे इंजिनियर होणार आहेत, त्यांना माफ नाही.

अशा विनोदाचं एक उदाहरण सगळ्या देशाने बघितलंय. फेब्रुवारी २०१७, मुंबई महापालिकेची निवडणूक. एका प्रसिद्ध लेखिकेने एका जाड पोलीस अधिकाऱ्याचा फोटो ट्विटरवर टाकून बंदोबस्तावर कोटी केली. तो अधिकारी मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशचा निघाला. माझं वजन आजारामुळे आहे, असं त्याने सांगितलं. नंतर मुंबईतल्याच डॉक्टरांनी त्याचं ऑपरेशन केलं. बातम्यांचा सूर असा होता की बघा, शेवट गोड झाला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटतं, त्या माणसाला ऑपरेशन हवं होतं का, की त्याला फक्त तो फोटो पुसायचा होता? दोन्ही असेल. बाहेरून कसं कळणार?

आपले नितीन गडकरी यांनी २०११ साली, भाजपचे अध्यक्ष असताना, वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. पेपरात वजन आणि डायबेटिस यांची चर्चा झाली. स्थळाची झाली नाही!

दुसऱ्या बाजूचे लोकही कमी नाहीत. आमच्या मजल्यावरच्या मैत्रिणी म्हणतात, "शॉर्टकट कशाला? रोज ग्राऊंडला पाच राऊंड मार, भात सोड." मी भात सोडला आहे. तीन वेळा. एकदा चौदा किलो उतरवले आणि वर्षात सतरा चढवले. आम्ही ई अँड टी.सी.वाले कंट्रोल सिस्टीम शिकतो, त्यांना हे लगेच कळेल. शरीर म्हणजे क्लोज्ड लूप आहे. वजन उतरलं की भूक वाढते आणि खर्च होणारी ऊर्जा कमी होते, म्हणजे सिस्टीम जुन्या सेट पॉईंटकडे ओढते. अमेरिकेत टीव्हीवरच्या स्पर्धेत भरमसाट वजन उतरवलेल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं आणि शरीराचा ऊर्जाखर्च मात्र अजून कमीच होता. तो अभ्यास २०१६ साली छापून आला.

स्लीव्ह नावाच्या ऑपरेशनात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात. नुसती टाकी लहान होत नाही. भूक लागल्याचा निरोप देणारं घ्रेलिन मुख्यतः ज्या भागात तयार होतं, तोच भाग जातो. म्हणजे सेन्सरच बदलतो. म्हणून ते काम करतं, आणि म्हणूनच ते परत फिरवता येत नाही. कापलेलं जठर पुन्हा जोडता येत नाही. विशीत असा निर्णय घेणाऱ्याला आळशी म्हणणं मला पटत नाही.

फाईल मी हॉस्टेलवर आणली आणि रात्री जर्नल पूर्ण करायचं सोडून वाचली. पहिले काही दिवस फक्त पातळ पदार्थ, मग मऊ. रोज साधारण ६० ग्रॅम प्रोटीन. घास चावून चावून, जेवताना पाणी नाही. आता आपल्या मेसचं ताट डोळ्यापुढे आणा! वाटीत आमटी शोधावी लागते, आमटीत डाळ. मेसच्या मावशी प्रेमाने वाढतात आणि "एवढंच?" विचारतात, त्यांना रोज काय उत्तर देणार? शिवाय जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी. काही महिने केसही गळतात म्हणे.

आणि एक ओळ अशी होती की मी ती दोनदा वाचली. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गरोदर राहू नये. (रेक्टर मॅडम, माफ करा, पण छापलेलं आहे.) आत्याचं वेळापत्रक मे महिन्यात ऑपरेशन, डिसेंबरात लग्न. वर तिची सूचना, "मुलाकडच्यांना सांगायचं नाही हं." म्हणजे रोजच्या गोळ्या मी जन्मभर कपाटात लपवून खायच्या आणि पहिल्याच दिवाळीत पाळण्याची चौकशी सुरू झाली की गप्प बसायचं? ज्या लग्नासाठी ऑपरेशन, त्या लग्नातच ते चोरून ठेवायचं!

तेव्हा मी रागाने "नाही" सांगून टाकलं. दोन महिने मला फार स्वाभिमानी वाटत होतं. मग जानेवारीत सबमिशनच्या धावपळीत तिसऱ्या मजल्यावर चढताना गुडघा धरून जिन्यातच बसले. पीसीओडी आहेच. शुगर बॉर्डरवर आली आहे. आमच्या घरात आजीला डायबेटिस होता आणि तिचा एक पाय कापावा लागला, हे मला माहीत आहे. तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं की माझं "नाही" सुद्धा आत्यालाच दिलेलं उत्तर होतं. गुडघ्याला, शुगरला कुणी विचारलंच नव्हतं. आत्याचं कारण चुकीचं होतं म्हणून ऑपरेशन चुकीचं ठरत नाही.

म्हणून आता मी उलट बाजूने चाललेय. २०२५ पासून भारतात माउंजारो, वेगोवी ही इंजेक्शनंही मिळतात. ती थांबवली तर वजन परत येऊ शकतं, पण पोट शाबूत राहतं. माझ्यासाठी आधी ती की थेट ऑपरेशन, हे मला डॉक्टरांना विचारायचंय. ऑपरेशनच करायचं ठरलं तर थर्ड इयरनंतर, की नोकरी लागून स्वतःचा ओटा आणि स्वतःचा कुकर असेल तेव्हा? थांबले तर शुगर थांबेल का? असे अकरा प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहिलेत. परीक्षेनंतरची अपॉइंटमेंट मी स्वतः फोन करून घेतली. आई सोबत येणार आहे, हे तिचं तिनेच ठरवलं.

आत्याचा परवा फोन आला, ती फाईल परत पाठव म्हणाली, कुणाला तरी दाखवायची आहे. मी म्हटलं, झेरॉक्स पाठवते. फाईल माझ्याकडेच राहू दे.