साडेतीन हात जागा

आज ३० सप्टेंबर. १९९३ साली याच दिवशी, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीची जमीन हादरली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक उशिरा घरी आले होते आणि दगडमातीच्या जाड भिंतींच्या माळवदाखाली गाढ झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावे भुईसपाट झाली, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आज किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी पुष्पचक्रे वाहिली जातील, पोलिसांची मानवंदना होईल. भूकंप का झाला, पुनर्वसन कितपत साधले, यावर दरवर्षी लिहिले जाते. गेलेल्यांची माती कशी झाली, हा विषय मात्र मागे राहतो.

त्या दिवसांत वरून पाऊस कोसळत होता आणि ढिगाऱ्यातून प्रेते निघत होती. रोगराईची धास्ती होती, ओळख पटवायला उसंत नव्हती. कित्येक घरांत ओळख सांगणारेच कुणी उरले नव्हते. पडक्या घरांच्या तुळया आणि दारेच सरणाला लागली, एकेका चितेवर अनेक देह ठेवले गेले. या पट्ट्यात लिंगायत समाज मोठा आहे आणि त्यांच्यात देह जाळत नाहीत. पण ज्याची जी रीत ती पाळायची सोय तेव्हा कुणालाच नव्हती. तिथीने तो दिवस भाद्रपद पौर्णिमेचा होता. दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष लागला. माणूस गेल्याचे दुःख होतेच, त्यात माती रीतीने झाली नाही ही सल भरीस पडली.

रीतीत असते काय? औसा, निलंगा, अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांत लिंगायतांची माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. देहाला स्नान घालून, कपाळी विभूती लावून मांडी घालून बसवतात. फुलांनी सजवलेल्या मखरातून, टाळ-मृदंगाच्या भजनात त्याला रुद्रभूमीत नेतात. खड्ड्याच्या एका भिंतीत कुठे कुठे कोनाडा काढलेला असतो. माणूस तिथेही बसलेलाच राहतो. आयुष्यभर गळ्यात वागवलेले इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. जंगम मंत्र म्हणतात, मग बेल, विभूती, मीठ आणि शेवटी माती. रोज पूजेला बसणारा माणूस पूजेच्याच बैठकीत निरोप घेतो. शंभरी ओलांडलेले डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज १ सप्टेंबर २०२० रोजी नांदेडमध्ये लिंगैक्य झाले आणि अहमदपूरच्या भक्तिस्थळावर त्यांना समाधी देण्यात आली. गुरू असो की शेतमजूर, बैठक तीच.

नांदेडला गोदाकाठी दुसरी रीत दिसते. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला आणि त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. ती जागा आज तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या गाभ्यात ‘अंगीठा साहिब’ म्हणून पूजली जाते. जाण्याआधी त्यांनी गुरुपद कुण्या देहधारी माणसाला न देता ग्रंथसाहिबाला दिले. अग्नीने देह नेला, पण गुरू गेला नाही, असा या जागेचा अर्थ. त्याच्या दीड वर्ष आधी औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला आणि खुलदाबादला दर्ग्याच्या आवारात उघड्या, साध्या कबरीत त्याला दफन केले. साम्राज्याचा एवढा पसारा मांडलेल्या बादशहाच्या कबरीवर छतसुद्धा नाही. आणि कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्यावर माथा टेकणाऱ्यांना कोणी जात-धर्म विचारत बसत नाही. अग्नी, समाधी आणि कबर या तिन्ही वाटा मराठवाड्याने अशा शेजारी शेजारी नांदवल्या.

म्हणूनच ‘जाळणे आपले, पुरणे परक्यांचे’ हे अलीकडे ऐकू येणारे बोलणे धादांत चूक आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे तिथले शेतकरी लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरत. एक प्रौढ पुरुष तर चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला सापडला. आजही दात न आलेले मूल हिंदू घरांत बहुधा पुरलेच जाते. संन्याशाला समाधी देतात, महानुभावांतही देह भूमीला देण्याची परंपरा आहे. आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तो सोहळा नामदेवांच्या नावावरील अभंगांनी घरोघरी पोचवला.

याच नामदेवांची आणखी एक कथा आजच्या दिवशी आठवते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. साल १३३८. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले आणि ढिगाऱ्यातले एकेक हाड कानाशी लावून पाहू लागले. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची हाडे. ती त्यांनी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर ठेवली. जिवंतपणी ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याला मेल्यावर देवासमोर जागा मिळाली. या कथेत चमत्कारापेक्षा नामदेवांचा हट्ट मोठा आहे. ढिगाऱ्यातले माणूस नुसते प्रेत नव्हे, त्याला नाव आहे आणि नावाला साजेशी जागा मिळालीच पाहिजे, हा तो हट्ट. ग्रीक नाटककार सोफोक्लीसची अँटिगनी राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकते, तीही याच हट्टापायी.

किल्लारीत निसर्गापुढे इलाज नव्हता. पण आज गावोगाव जे चालते त्याचे खापर निसर्गावर कसे फोडायचे? कुठे स्मशानाची वाट दुसऱ्याच्या शेतातून जाते आणि पेरणीनंतर बंद होते. कुठे शेड नाही म्हणून भर पावसात सरणावर पत्रे धरावे लागतात. जातवार स्मशाने अजून आहेत, आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही नाही त्यांना प्रेत घेऊन तहसीलसमोर बसावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा देह जवळपास तीन आठवडे शवागारात पडून राहिला, कारण गावात पुरायला विरोध होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही आणि अखेर वीसेक किलोमीटर दूरच्या दफनभूमीत त्याला न्यावे लागले. ही वेळ आपल्याकडे येणारच नाही, या भ्रमात राहू नये.

दहनभूमी आणि दफनभूमीची व्यवस्था हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार पंचायतीचे काम आहे आणि जनसुविधा योजनेतून त्यासाठी निधीही मिळतो. अडते ते जमिनीच्या नोंदीवर आणि गावाच्या मनावर. परवा २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहेत. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या प्रत्येक गावाने त्या दिवशी तीन प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावेत: आपल्या गावातल्या प्रत्येक समाजाला त्याच्या रीतीने माती देण्यासाठी जागा आहे का, तिची सातबारावर नोंद आहे का, आणि तिथवर बारमाही रस्ता आहे का? यातल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर ठराव त्याच सभेत करावा.