जग बघायचंय? मग रांगेत या!

मंडळी, आमच्या हॉस्टेलच्या जवळजवळ प्रत्येक खोलीत एक तरी भिंत अशी आहे, जिच्यावर आयफेल टॉवर, नाहीतर माचू पिचू, नाहीतर लडाखचा तो निळा तलाव चिकटवलेला असतो. नोकरी लागली की पहिल्या वर्षी बाईक, दुसऱ्या वर्षी थायलंड, पाचव्या वर्षी युरोप... असे प्लॅन मेसच्या टेबलावर रोज ठरतात आणि ताटातली भाजी संपेपर्यंत टिकतात. मीही त्यातलीच. माझ्या कपाटाच्या दाराला आतून जगाचा नकाशा लावलाय आणि त्यावर लाल टिकल्या आहेत. (हो, कपाळाला लावायच्याच टिकल्या. रूममेटच्या.)

पण हा लेख टिकल्यांवर नाही. जगातल्या सुंदर जागा आता दमल्या आहेत आणि दार लोटून घ्यायला लागल्या आहेत. ते दार कसं लोटायचं, पैशाने की आकड्याने, यावर मला बोलायचंय. प्रश्न दूरचा वाटेल, पण याचं जे उत्तर ठरेल त्यावर आपल्यासारखे रिकाम्या खिशाचे लोक आयुष्यात काय बघू शकतील हे ठरणार आहे.

आधी एक साधी गोष्ट. कुठल्याही इमारतीच्या लिफ्टमध्ये एक पाटी असते - '८ व्यक्ती, ५४४ किलो'. म्हणजे माणशी ६८ किलो. नववा माणूस आला की लिफ्ट ओरडायला लागते आणि तो माणूस गुपचूप बाहेर पडतो. "मी दहा रुपये जास्त देतो, मला घ्या" असं कोणी म्हणत नाही. कारण रोपला नोटा कळत नाहीत, वजन कळतं. आता हेच एखाद्या गुहेला, बेटाला, गावाला लावून बघा.

फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेचं उदाहरण घेऊ. १९४० साली चार पोरांना ही गुहा सापडली. आत सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीची चित्रं - बैल, घोडे, हरणं. १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडली आणि थोड्याच वर्षांत दिवसाला बाराशेच्या आसपास माणसं आत जायला लागली. कोणी भिंतीला हात लावला नाही, कोणी बदाम काढून नावं कोरली नाहीत. लोकांनी फक्त श्वास घेतला! श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची उष्णता, दमटपणा आणि दिव्यांचा उजेड यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. १९६३ मध्ये सरकारने गुहा बंद केली, ती सामान्य पर्यटकांना आजही बंद आहे. शेजारी १९८३ मध्ये हुबेहूब नक्कल तयार केली, लोक ती बघतात.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण यात कोणीही वाईट वागलेलं नाही. आपल्याकडे पर्यटनावर बोलायचं म्हटलं की गाडी लगेच 'लोकांना शिस्त नाही', 'प्लास्टिक टाकतात' यावर जाते. शिस्त हवीच. पण शंभर टक्के शिस्तीचे बाराशे लोकही त्या गुहेला जास्तच होते. म्हणजे मुळात प्रश्न संख्येचा आहे.

आता दार लोटायचे दोन मार्ग. पहिला पैशाचा.

इटलीतलं व्हेनिस घ्या. जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख माणसं राहायची. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं पर्यटकांना भाड्याने द्यायची झाली, त्यामुळे राहणाऱ्यांना भाडी परवडेनात. गल्लीतला भाजीवाला जाऊन तिथे मुखवटे विकणारा आला. शेवटी एप्रिल २०२४ पासून शहराने गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरो प्रवेश फी लावली. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४ झाले आणि ऐनवेळी ठरवणाऱ्यांना १० युरो. पण यात एक गंमत आहे. संख्येला मर्यादाच नाही! पैसे भरा, आत या. जो माणूस विमानाने युरोपात आलाय, हॉटेलला, आइस्क्रीमला आणि नावेला पैसे मोजतोय, तो पाच युरोसाठी परत जाईल का? म्हणजे फी कमी ठेवली तर कोणी थांबत नाही. लिफ्टच्या दारात दहा रुपयांची पावती फाडली आणि नववा आत घेतला, असं झालं हे.

मग फी जास्त ठेवली तर? त्याचं उदाहरण भूतान. या देशाने १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना दार उघडलं तेव्हापासून धोरण एकच आहे - थोडे लोक, जास्त पैसे. २०२२ मध्ये त्यांनी पर्यटकावरची फी रात्रीला २०० डॉलर केली, पुढच्या वर्षी ती १०० वर आणली. हे हॉटेलचं भाडं नव्हे बरं, नुसतं देशात राहण्याचं! आपल्या भारतीयांना सवलत आहे, रात्रीला १२०० रुपये. भूतानबद्दल मला आदर आहे. तिथे औषधोपचार आणि शाळा सरकार फुकट देतं, जंगल राखलंय, आणि आपल्या घरात कोणाला घ्यायचं हा त्यांचा हक्क आहे. पण विचार करा, केनियातला आपल्यासारखाच एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा, त्याला पारोच्या डोंगरावरचा मठ बघायचा असेल तर? आठवड्याचे सहा-सातशे डॉलर, तेही जेवणखाण आणि विमान सोडून. तो कधीच येणार नाही. त्याची काय चूक? त्याचा श्वास काय जास्त जड आहे?

म्हणजे फी कमी असेल तर गर्दी थांबत नाही, आणि जास्त असेल तर फक्त गरीब थांबतो. दोन्हीकडून आपण हरलो.

दुसरा मार्ग आकड्याचा. पेरूमधलं माचू पिचू हे त्याचं मोठं उदाहरण. तिथे दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलेलं आहे. २०२४ पासून साधारण दिवसाला साडेचार हजार, गर्दीच्या काही दिवशी ५६०० पर्यंत. तिकिटावर वेळ असते, कुठल्या वाटेने फिरायचं तेही ठरलेलं असतं. तिथे चालत नेणारी जी जुनी इंका वाट आहे, तिच्यावर दिवसाला फक्त ५०० माणसांना परवाना मिळतो, आणि त्या पाचशेत गाईड आणि हमालसुद्धा मोजतात. फेब्रुवारीत ती वाट दुरुस्तीसाठी पूर्ण बंद. मला हे 'हमालसुद्धा' फार आवडलं. त्यांनी पर्यटकांची प्रतिष्ठा मोजलेली नाही, वाटेवर पडणारे पाय मोजलेत.

थायलंडची माया बे तर आमच्या पोस्टरवालीच आहे. २००० साली लिओनार्डो डिकाप्रिओचा 'द बीच' आला आणि तो छोटासा किनारा जगप्रसिद्ध झाला. दिवसाला हजारो माणसं, बोटीला बोट लागलेली. नांगरांनी आणि पंख्यांनी प्रवाळ मोडलं. जून २०१८ मध्ये सरकारने किनारा चार महिन्यांसाठी बंद केला, पण चार महिन्यांत काय होतंय? तो उघडला जानेवारी २०२२ मध्ये. दरम्यान प्रवाळ परत लावलं आणि काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क पुन्हा किनाऱ्याजवळ फिरायला लागले. आता बोटी खाडीत येत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला थांबतात. माणसं मोजून सोडतात, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर किनाऱ्याला सुट्टी. आपल्यालाही सेमिस्टरनंतर सुट्टी लागतेच की!

आता कोणी म्हणेल, "बाई, आकडा ठरवला की काळाबाजार आलाच." खरं आहे. तत्काळ तिकिटाचा अनुभव आपल्यातल्या कोणाला नाही? आणि स्थानिकांचं पोट आहेच. जानेवारी २०२४ मध्ये माचू पिचूच्या पायथ्याच्या गावात लोकांनी संप केला, रेल्वे बंद पडली. कारण तिकीटविक्रीचं काम सरकारने एका खाजगी ऑनलाइन कंपनीला दिलं होतं. शेवटी सरकारला तो करार मोडावा लागला. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट एप्रिल २०१८ मध्ये घाण पाण्यामुळे सहा महिने बंद केलं, निर्णय झाल्यावर काही आठवड्यांतच. बेट स्वच्छ झालं, पण हॉटेलातल्या कामगारांनी ते सहा महिने कसे काढले असतील?

म्हणून नुसता आकडा पुरत नाही, त्याला अटी हव्यात. माझ्या मते चार. तिकीट नावावर असावं, म्हणजे दलालाला विकता येणार नाही. थोडी तिकिटं रोज जागेवरच द्यावीत, म्हणजे ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही त्यालाही आशा राहील. आकडा ठरवणाऱ्या समितीत तिथे राहणारे लोक असावेत, कारण पाणी त्यांच्याच विहिरीतून जातं. आणि नियम एक हंगाम आधी जाहीर करावा, रातोरात नाही. तिकिटाला पैसे घ्या ना, साफसफाईला लागतातच. पण पैसे हे देखभालीसाठी, दार लावण्यासाठी नव्हेत. दार आकड्याने लावा.

विहिरीचं मी उगाच म्हटलं नाही. माझं आजोळ मालवणजवळ. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि गावात पैसा आला, हे मी नाकारत नाही. मामाच्या दोन खोल्या मे महिन्यात पर्यटकांनी भरतात, त्यावर माझ्या मामेभावाची फी निघते. पण गेल्या काही वर्षांत शेजारी एक मोठं रिसॉर्ट झालं, त्यांनी बोअर मारल्या, आणि मे महिन्यात आजीच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. आजी रागावत नाही. ती एवढंच म्हणते, "पावणे इले की बरा वाटता, पण बायत पाणी खयसून हाडू?" माझ्या मते पर्यटन या विषयावर इतकं अचूक वाक्य कुठल्या रिपोर्टमध्ये नसेल.

आणि आता खरी वेळ आलीय. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. एक तमिळनाडूतला जिंजी, बाकी अकरा आपले, त्यात सिंधुदुर्गही. अभिमान आहेच, आम्ही त्या दिवशी हॉस्टेलवर घोषणा दिल्या. पण सिंधुदुर्ग म्हणजे समुद्रातलं एक छोटं बेट आहे. आत अजून काही कुटुंबं राहतात, आणि गोड्या पाण्याच्या विहिरी तीन - दूधबाव, दहीबाव, साखरबाव. दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या जेट्टीवर उभं राहून बघा, बोटी थांबतच नाहीत. किल्ला एका वेळी किती माणसं झेपवतो, हे ठरवून ती पाटी जेट्टीवर लागायला हवी. आपल्याकडे हे होत नाही असंही नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात बुकिंग करून, संख्या ठरवून लोकांना सोडतात. कासला जमतं ते किल्ल्यांना का जमू नये?

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर एकच गोष्ट मारून मुटकून शिकवायच्या - लाईन. नळावर, कँटीनमध्ये, बसला, सगळीकडे लाईन. ज्याच्या डब्यात चॉकलेट आणि खिशात शंभराची नोट, तोही लाईनीतच. तेव्हा फार कंटाळा यायचा. आता वाटतं, रांग ही श्रीमंत-गरीब दोघांनाही सारखाच कंटाळा देणारी मोठी न्यायी गोष्ट आहे.

आता थोडं आपल्याबद्दल. आपली वार्षिक ट्रिप आठवा. पन्नास सीटची बस, एका दिवसात पाच स्पॉट, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली पंधरा फोटोला. पाच ठिकाणी गर्दी केली आणि बघितलं एकही नाही. माझी कमिटीला विनंती आहे, यंदा एकच जागा घ्या, सुट्ट्यांचा मोसम टाळून, आणि दोन दिवस राहू. सिव्हिलच्या फायनल इयरवाल्यांना आणि सरांना दुसरी विनंती. दरवर्षी तेच ते बीम आणि तेच ते स्लॅब. एखाद्या ग्रुपने प्रोजेक्ट म्हणून एका किल्ल्याचा आकडा काढून दाखवावा. पाणी किती, संडास किती, पायऱ्यांची रुंदी किती, बोटीची फेरी किती मिनिटांची. लिफ्टचं गणित येणाऱ्याला हे गणित यायला हवं. तो कागद आपण त्या गावच्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला नेऊन देऊ. ऐकतील न ऐकतील, पण आकडा तरी कोणीतरी पहिल्यांदा टेबलावर ठेवलेला असेल.

मला माचू पिचू बघायचंच आहे. कदाचित तीन वर्षं नंबर लागणार नाही. चालेल. पण माझा नंबर लागेल तेव्हा तो रांगेतून लागलेला असावा, पगाराच्या स्लिपमधून नको. आणि मी तिथे पोचेन तेव्हा माझ्यानंतर येणाऱ्यासाठीही काहीतरी उरलेलं असावं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मेसमध्ये जरूर भांडायला यावं. मात्र ताट घेऊन, रांगेने!